दोन रात्रींची शहरभेट: हॉटेल नेमकं कुठे घ्यावं?

चालता_फिरता

मंडळी, एका मोठ्या शहरात दोन रात्रींचा मुक्काम ठरतोय. शुक्रवारी दुपारी २ ला विमान उतरतं, रविवारी रात्री ९ ला परतीचं. चौघं आहोत, त्यातले दोघं सत्तरीच्या घरातले. सपाटीवर चालतात, पण जिने नको म्हणतात. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या शहराच्या गप्पांत वाहून जाईल. मला निवडीची पद्धत हवी आहे.

तीन हॉटेलं बाजूला काढली आहेत.

अ: जुन्या गावठाणात, मुख्य चौकापासून ३०० मीटर. लहान हॉटेल, तिसरा मजला, 'लिफ्ट आहे' असं लिहिलंय.
ब: मुख्य रेल्वे स्थानकासमोर. मोठं हॉटेल. विमानतळाची गाडी थेट इथे येते. मुख्य चौक १.६ किमी.
क: चौकापासून ७ किमी बाहेर, मेट्रो ४०० मीटरवर. खोल्या ऐसपैस, नाश्ता धरून भाडं 'अ'च्या जवळपास निम्मं.

आरक्षणाच्या साइटवर 'केंद्रापासून अमुक किमी' लिहितात त्यावर किती भरवसा ठेवायचा? मेट्रो जवळ असेल तर लांब राहिलेलं चालतं का? आणि 'लोकेशन ९.२' या गुणांना काही अर्थ असतो का?

नकाशेबहाद्दर

आधी तुमच्याकडे तास किती आहेत ते मोजा, हॉटेल नंतर. शुक्रवारी सामान टाकून बाहेर पडेपर्यंत ४ वाजतील. रात्री १० पर्यंत धरले तर ६ तास. शनिवारी सकाळी ८ ते रात्री १०, म्हणजे १४. रविवारी सकाळी ८ पासून विमानतळासाठी निघेपर्यंत, म्हणजे ५:३० पर्यंत, साडेनऊ. एकूण साडेएकोणतीस तास. आता हॉटेलच्या फेऱ्या मोजा. शुक्रवारी संध्याकाळी एकदा जाऊन-येऊन, शनिवारी दोनदा (ज्येष्ठ मंडळी दुपारी पाठ टेकणारच), रविवारी एकदा सामान घ्यायला. चार फेऱ्या, म्हणजे आठ वेळा तो रस्ता कापायचा.

'क'चा रस्ता दारापासून दारापर्यंत मांडून बघा. स्थानकापर्यंत चालणं ६ मिनिटं, खाली फलाटापर्यंत ३, गाडी दर ८ मिनिटांनी असेल तर सरासरी वाट पाहणं ४, प्रवास १४, वर यायला ३, पुढे चालणं ५. झाली ३५ मिनिटं, तीही गाडी बदलावी लागत नसेल तर. साइट मात्र 'मेट्रोने १४ मिनिटं' एवढंच सांगते. जवळच्या हॉटेलातून हाच रस्ता १२ मिनिटांचा असेल, तर फरक २३ मिनिटांचा. आठ वेळा म्हणजे तीन तास, तुमच्या एकूण वेळाचा दहावा हिस्सा. प्रत्यक्षात काय होतं, तर लोक दुपारची फेरी गाळतात, दिवसभर बाहेरच राहतात आणि संध्याकाळी सातला सगळे गळून गेलेले असतात. आठवडाभराच्या मुक्कामात हे चालून जातं, दोन रात्रींत नाही.

केंद्रापासूनचं अंतर: 'केंद्र' हा साइटने स्वतः निवडलेला एक बिंदू असतो. कुठे तो नगरपालिकेची इमारत असतो, कुठे रेल्वे स्थानक, कुठे मुख्य चौक. अंतरही बहुतेक ठिकाणी सरळ रेषेतलं, पाखराने उडत जावं तसं मोजलेलं. रस्त्याने ते साधारण सव्वा ते दीडपट होतं. मध्ये नदी, रेल्वेचं यार्ड किंवा टेकडी आली तर दुप्पटही. व्हेनिसच्या शोधात मेस्त्रेची हॉटेलं दिसतात, पण ती मुख्य भूमीवर आहेत. जुन्या बेटांवर जायचं तर दर वेळी खाजणावरचा लांब पूल ओलांडून रेल्वेने किंवा बसने जावं लागतं. इस्तंबूलमध्ये तर शोधलेलं हॉटेल बॉस्फरसच्या भलत्याच तीरावर, म्हणजे दुसऱ्या खंडात निघू शकतं.

माझी रीत अशी. नकाशावर एक यादी करून त्यात बघायची स्थळं टाका. मग दुसऱ्या रंगात संध्याकाळी जिथे जेवायला, हिंडायला जाल ते एक-दोन भाग टाका. तिसऱ्या रंगात विमानतळाच्या गाडीची शहरातली स्थानकं. आता स्थळांच्या मधोमध हॉटेल शोधण्याचा मोह आवरा. स्थळ एकदाच बघायचं असतं, जेवायला मात्र रोज बाहेर पडावं लागतं आणि रात्री थकलेल्या पायांनी परत यावं लागतं. म्हणून पहिलं वजन संध्याकाळच्या भागाला, दुसरं विमानतळाच्या गाडीला, स्थळं शेवटी. शहराच्या टोकाला एखादंच मोठं स्थळ असेल तर त्याला या हिशेबात धरूच नका. तिथे एकदा जायचंय, जाल कसंही.

मग प्रत्येक हॉटेलासाठी तीन मार्ग तपासा: विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते संध्याकाळचा भाग, आणि रात्री सव्वाअकराला तिथून परत. सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गात 'आत्ता निघा'च्या जागी निघण्याची वेळ भरता येते, ती भरा. वारही बरोबर हवा, कारण रविवारी सकाळी गाड्यांमधलं अंतर वाढलेलं असतं. तुमची तारीख दोन-तीन महिने पुढची असेल तर वेळापत्रक अजून चढलेलं नसू शकतं. तेव्हा येत्या आठवड्यातला तोच वार टाकून बघा. गाडी बदलावी लागत असेल तर दर बदलाला किमान ५ ते १० मिनिटं आणि जिन्यांचा एक जोड धरायचा.

गुणांबद्दल: 'लोकेशन ९.२' हे तिथे राहून गेलेल्यांचं मत. कॉन्फरन्ससाठी आलेल्याला सभागृह शेजारी होतं म्हणून त्याने दहा दिले, तुम्हाला त्याचा काय उपयोग? ८ च्या खाली असेल तर शंका घ्या. त्यावरच्या आकड्यांवरून दोन हॉटेलांत डावं-उजवं करू नका.

लिफ्ट_आहे_का

नकाशेबहाद्दरांच्या हिशेबात एक भर. नकाशा चालण्याचा वेग ताशी ५ किमीच्या आसपास धरतो. ज्येष्ठांबरोबर ३ ते साडेतीन धरा. म्हणजे 'ब'पासून चौकापर्यंतचे १.६ किमी नकाशावर २० मिनिटं दिसतील, तुम्हाला अर्धा तास लागेल. चालण्याचा मार्ग काढला की बऱ्याचदा खाली चढ-उताराची रेघ दिसते, ती बघा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर पायऱ्यांचे रस्ते वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात. लिस्बनसारख्या टेकड्यांच्या शहरात ३०० मीटर म्हणजे दोन गल्ल्यांचा सलग जिना असू शकतो.

आता 'लिफ्ट आहे' या वाक्याबद्दल. जुन्या इमारतीत लिफ्ट नंतर बसवलेली असते. ती कधी तळमजल्याऐवजी अर्ध्या जिन्यावरून सुरू होते, कधी वरच्या मजल्याच्या आधीच संपते, आणि आत दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग एवढीच जागा असते. हॉटेलला 'लिफ्ट आहे का' असं विचारलं की 'हो' असंच उत्तर येणार. प्रश्न असा विचारा: 'रस्त्यापासून आमच्या खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतील?' उत्तरात आकडा आला तर ठीक. 'फारशा नाहीत' असं आलं तर पुढचं हॉटेल बघा.

मेट्रोचंही तेच. पॅरिस, लंडनसारख्या जुन्या जाळ्यांत बऱ्याच स्थानकांना रस्त्यापासून फलाटापर्यंत पूर्ण लिफ्ट नाही. मेट्रो चालवणाऱ्यांच्या स्वतःच्या नकाशावर चाकाच्या खुर्चीची खूण असलेली स्थानकं बघा. खूण हॉटेलजवळच्या स्थानकावरही हवी आणि जिथे उतरणार तिथेही, एकाच टोकाला असून भागत नाही. जिने टाळायचे असतील तर खालच्या पायरीची ट्राम किंवा बस मेट्रोपेक्षा बरी. वेळ थोडा जास्त जातो, पण फुटपाथवरून सरळ आत पाऊल टाकता येतं.

चौघं आहात याचा फायदाही घ्या. एकट्याला टॅक्सी महाग पडते. चार मेट्रो तिकिटांच्या तुलनेत दोन-तीन किमीची टॅक्सी बहुतेक शहरांत फार महाग पडत नाही. त्यामुळे रात्रीच्या परतीसाठी ३ किमीच्या आतलं हॉटेल तुम्हाला चालून जाईल. फक्त विमानतळावरून येताना चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या मोटारीत मावत नाहीत. मोठी गाडी आधी सांगून ठेवा, नाहीतर दोन गाड्या धरा.

आणि 'अ' गावठाणात आहे म्हणता, तर गाडी दारापर्यंत जाते का ते बघा. अशा भागात बऱ्याचदा वाहनांना बंदी असते. टॅक्सी वेशीवर सोडणार आणि पुढे दगडी फरसबंदीवरून बॅगा ओढायच्या. छोटी चाकं त्या फटींत अडकतात.

खिडकीपाशी

नकाशात न दिसणारी गोष्ट म्हणजे आवाज. दोनच रात्री असल्या की एक रात्र झोपेविना गेली तरी शनिवार वाया जातो, आणि तुमच्या दोन्ही रात्री नेमक्या शुक्रवार-शनिवारच्या आहेत.

नकाशातलं रस्त्याचं छायाचित्र (स्ट्रीट व्ह्यू) उघडून हॉटेलच्या दारापासून दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर चालून बघा. चित्र कधीचं आहे तेही तिथेच लिहिलेलं असतं. दिवसा ओळीने शटर बंद दिसली आणि वर दिव्यांच्या पाट्या असल्या, तर ते बार आहेत आणि ती गल्ली रात्री जागी होते. खात्री करायची तर नकाशात त्यांच्यातल्या एखाद्यावर टिचकी मारून गर्दीच्या वेळांचा आलेख बघा. शनिवारी मध्यरात्रीनंतरचे खांब उंच असतील तर तुमच्या खिडकीखाली रात्री दोनला लोक निरोप घेत उभे राहणार. यापेक्षा सरळ पुरावा दुसरा नाही.

ट्रामचे रूळ दिसले तर वळण कुठे आहे ते बघा. सरळ रुळावरची ट्राम फारशी जाणवत नाही, वळणावर चाकं किंचाळतात. चढावरचा सिग्नल वाईट, कारण तिथे गाड्या थांबून पुन्हा जोर लावतात. घंटाघर असेल तर घंटा रात्रीही वाजते का ते अभिप्रायांत शोधा. बार-खानावळींच्या गल्लीत पहाटे काचेच्या बाटल्यांचा कचरा उचलणारी गाडी येते, त्याची तयारी ठेवा.

दुहेरी काचेची खिडकी असली की काम झालं असं नाही. ती बंद असेल तोवरच उपयोगाची. उन्हाळ्यात एसी नसेल तर ती उघडावीच लागते. जुन्या इमारतींत बऱ्याचदा एसी नसतो, किंवा ठरावीक महिन्यांतच चालू करतात. शिवाय तळघरातल्या क्लबचा धडधडता ठेका काचेतून नाही, भिंती आणि जमिनीतून येतो. त्याला खिडकी काय करणार.

मागच्या आवाराकडची, मधल्या मजल्यावरची, लिफ्टपासून लांबची खोली मागा. अगदी वरचा मजला शांत असेलच असं नाही, गच्चीवर एसीची यंत्रं असतात. आवाराकडे हॉटेलच्या स्वयंपाकघराचा धुरांडा नाही ना, हेही विचारून घ्या.

अभिप्राय वाचताना 'नवे आधी' लावा आणि आवाज, जिना, लिफ्ट, उकाडा, बांधकाम हे शब्द शोधा. शेजारी इमारत उठत असेल तर ते फक्त गेल्या काही महिन्यांच्या अभिप्रायांत सापडतं, जुन्या सरासरीत कळत नाही.

चालता_फिरता

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. 'क' बाद. 'अ'ला पायऱ्यांचा प्रश्न विचारला, उत्तर आलं: लिफ्टपर्यंत ११ पायऱ्या, गाडी २५० मीटरवर थांबते, एसी नाही. म्हणजे 'ब'च उरतं. पण स्थानकासमोर राहू नये, तिथला भाग चांगला नसतो, असं सगळीकडे ऐकतो. खरं किती?

नकाशेबहाद्दर

अर्धं खरं. स्थानकाला बाजू असतात. एका बाजूला मुख्य दार, चौक, ट्राम, दुकानं. दुसऱ्या बाजूला यार्ड, गोदामं, बस आगार. हॉटेल 'स्थानकासमोर' म्हणजे कुठल्या दारासमोर ते आधी बघा. रुळांचा पट्टा दोन-अडीचशे मीटर रुंद असू शकतो आणि पलीकडे जायला एखादाच भुयारी मार्ग असतो. मोठ्या स्थानकांत तर हे फारच बोचतं. टोकियोच्या शिंजुकूला दोनशेहून जास्त बाहेर पडायच्या वाटा आहेत. तिथे 'स्थानकापासून ५ मिनिटं' या वाक्याला वाटेचं नाव किंवा क्रमांक सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

तुमच्यासाठी चौथा पर्याय सुचवतो. नकाशावर स्थानकाच्या मुख्य दारापासून मुख्य चौकापर्यंत जाणारा मोठा रस्ता धरा. त्या रस्त्यावर स्थानकापासून ५०० ते ८०० मीटर पुढे, दोन्ही बाजूंच्या पहिल्या-दुसऱ्या आडव्या गल्लीत शोधा. स्थानकाचा गजबजाट मागे राहतो, चौक ८०० ते ११०० मीटरवर येतो, आणि सामान घेऊन गाडीपर्यंत सरळ रस्ता मिळतो. शोधाच्या यादीत ही हॉटेलं वर येत नाहीत, कारण ती ना 'स्थानकाजवळ' ना 'चौकाजवळ'. यादी सोडून नकाशावर शोधायचं ते यासाठीच.

काउंटरमागे

हॉटेलच्या बाजूने थोडं. तुमचे वार शुक्रवार ते रविवार आहेत. कचेऱ्यांच्या भागातली मोठी हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरतात आणि शनिवार-रविवारी दर उतरवतात. अशी कचेऱ्यांची वस्ती गावठाणाला चिकटून असेल तर तिथे चांगली, लिफ्टवाली, एसीवाली खोली कमी दरात मिळते. पण ती शहराबाहेर उभारलेली असेल, पॅरिसच्या ला देफान्ससारखी, तर शनिवारी रात्री उतारूंना सोबत फक्त काचेच्या इमारतींची. बहुतेक खानावळी कचेऱ्यांच्या वेळेवर चालतात. तिथली सोमवार ते गुरुवारची वर्दळ पाहून फसू नका.

रविवारचं गणित कुणी काढलेलं दिसत नाही. खोली ११ किंवा १२ ला सोडायची, निघायचं साडेपाचला. मधले साडेपाच-साडेसहा तास सामान कुठे? बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, पण सामानाची खोली कुलूपबंद आहे की स्वागतकक्षाच्या कोपऱ्यात उघड्यावर ठेवतात, आणि किती वाजेपर्यंत, हे विचारा. लहान हॉटेलांत स्वागतकक्षच दुपारी बंद असतो. स्थानकावरचे लॉकर हा दुसरा उपाय, पण मोठ्या बॅगेचे लॉकर मोजकेच असतात आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात. हॉटेल विमानतळाच्या विरुद्ध दिशेला असेल तर शेवटच्या दुपारी फक्त बॅगांसाठी उलटं जावं लागतं. 'ब'च्या पट्ट्याची खरी किंमत इथे वसूल होते.

आरक्षण करताना एकाच साखळीच्या शाखांकडे लक्ष द्या. 'सेंट्रल', 'सिटी', 'सेंटर' या नावांवर कुणाचं बंधन नसतं. पत्ता हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून घेऊन नकाशात टाका. आरक्षणाच्या साइटवरची खूण कधी कधी शेजारच्या चौकात लागलेली असते. घरगुती मुक्कामाच्या साइटवर पैसे भरेपर्यंत नेमका पत्ता न दाखवता एक वर्तुळ दाखवतात. त्या वर्तुळाच्या तुमच्यासाठी सर्वात वाईट कडेला घर आहे असं धरून हिशेब करा.

आरक्षण रद्द करता येईल असा दर घ्या. रद्द करायच्या मुदतीची वेळ हॉटेलच्या गावच्या घड्याळाने असते, तुमच्या नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा शोध घ्या, दर उतरले असतील तर बदलून टाका. आणि शहर कर बघा. बऱ्याच ठिकाणी तो दाखवलेल्या दरात धरलेला नसतो आणि हॉटेलात वेगळा भरावा लागतो. कुठे माणशी-रात्री ठरावीक, कुठे टक्क्यांत. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे. चौघांना माणशी कर लागला तर दोन हॉटेलांतला फरक कमी-जास्त होऊ शकतो.

चालता_फिरता

त्या पट्ट्यात दोन हॉटेलं सापडली. एक मुख्य रस्त्यावर, एक आडव्या गल्लीत. दोघांकडे चार जणांची एक खोली आणि शेजारशेजारच्या दोन खोल्या असे दोन्ही पर्याय आहेत. काय घेऊ?

लिफ्ट_आहे_का

दोन खोल्या. चार जणांच्या खोलीत चौथा पलंग बहुतेक सोफ्याचा असतो आणि न्हाणीघर एकच. सकाळी चौघांच्या आंघोळी एकामागून एक म्हणजे तासभर जातो, हॉटेल जवळ घेतल्याचा निम्मा फायदा तिथेच संपला. ज्येष्ठांच्या खोलीत बाथटब नको, सपाट शॉवर हवा, हे वेगळं लिहा. टबाची कड ओलांडणं जिन्यापेक्षा अवघड.

खिडकीपाशी

गल्लीतलं घ्या, पण ती गल्ली रात्री ११ नंतर उजेडाची आहे ना, आणि तळमजल्यांवर घरं-दुकानं आहेत की नुसत्या गॅरेजच्या भिंती, ते छायाचित्रात बघा. आणखी एक: त्या रविवारी शहरात धावण्याची शर्यत, मिरवणूक वगैरे आहे का ते नगरपालिकेच्या साइटवर तपासा. स्थानक ते चौक हाच रस्ता अशा वेळी आधी बंद करतात आणि ट्रामही वळवतात.

काउंटरमागे

हॉटेलला मेल आरक्षणाच्या साइटवरून नको, त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवा. विषयाच्या ओळीत आरक्षण क्रमांक आणि तारीख, मजकुरात चारच ओळी: आवाराकडच्या, शेजारशेजारच्या, मधल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एकीत सपाट शॉवर, शुक्रवारी साधारण ४ ला येतोय, रविवारी साडेपाचपर्यंत सामान ठेवायचंय. खोल्यांचं वाटप बहुतेक हॉटेलांत आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी होतं, म्हणून महिनाभर आधी पाठवलेला मेल कुणाच्या लक्षात राहत नाही. तीन दिवस आधी पाठवा, आणि गुरुवारी संध्याकाळी फोन करून खोल्यांचे क्रमांक टाकले का ते विचारा.